चौदाव्या ओळीचा डिंक

१२ ऑगस्ट
आज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी चौदाव्या ओळीत गेलो. बदामाच्या एकेका बुंध्यापाशी गुडघे टेकून पाहिलं. मुकादम नाझारिओ मागून ओरडला, "डॉन क्रिसांतो, चर्च तिकडे मादेरा गावात आहे!" हसलो. पण हसू टिकलं नाही. सालीवर पिवळ्या डिंकाचे मणी. खालची साल काळी, कुजलेली. सगळं झाड हलवायच्या यंत्राचे पंजे जिथे धरतात, तिथेच. एकोणीस झाडं! कँकरच, साल कुजवणारा रोग. काही वर्षांत वाळणार.

१३ ऑगस्ट
नाझारिओनं निकाल देऊन टाकला. कागदावर गेल्या वर्षी ती ओळ एउलालियाच्या यंत्राची. "दोनच हंगाम झालेत बाईला. झेपत नसेल तर मागे पडलेले बदाम गोळा करणारी झाडू-गाडी चालवावी." मालक आला की तिला यंत्रावरून उतरवणार.

एउलालियाला! तिच्यासारखं यंत्र चालवताना मी कुणाला पाहिलं नाही. झाड तिरकं असलं तर खाली उतरते, सालीवर तळहात ठेवते, मग पंजे लावते. तीन सेकंद, बदामांचा सडा, बास. मागे ओरखडा नाही. एकदा म्हणाली होती, "झोपलेल्याला उठवायचंय, डॉन क्रिसांतो. मानगूट नाही धरायची." वीस वर्षं यंत्रावर बसून मला हे सुचलं नव्हतं.

१५ ऑगस्ट
ग्वादालुपेच्या माउलीच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. प्रार्थना करता आली नाही.

१६ ऑगस्ट
लिहूनच टाकतो. गेल्या वर्षी तिची मुलगी तापानं फणफणली, तेव्हा दोन दिवस माझी पाळी संपवून रात्री तिच्या यंत्रावर मी बसलो होतो; चौदावी ओळ तेव्हाच हलवली. तिची मजुरी बुडू नये म्हणून नाझारिओला सांगितलं नाही. बागेला पाणी देऊन चारच दिवस झालेले. साल ओली, सैल. थांबायला हवं होतं—मला घाई! पंज्याखाली साल सरकली, ते हाताला कळलं होतं. अशा ताज्या जखमेत किडे रोग आणून सोडतात, हेही ठाऊक होतं.

दुपारी जेवताना तिला गाठलं. "तू बोलत का नाहीस?"
टॉर्टियाचा घास हातात तसाच. "माझ्या पोरीसाठीच बसलात ना तुम्ही? मग आळही माझाच." वर हसली, "तुम्ही खाऊन घ्या आधी. वाळलेल्या झाडासारखे दिसताय!"

केवढं मन या बाईचं! आणि मी तिच्या आडोशाला उभा.

१८ ऑगस्ट
मालक आला. नाझारिओनं तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं—त्या दिवशी पंजे माझ्या हातात होते. मग माझ्या यंत्राची किल्ली मालकाच्या हातावर ठेवली आणि बाजूला झालो.