बोटभर जागा

दि. ११, मंगळवार
दुकानातून, दुपारी

चि. गुंडीस अनेक आशीर्वाद. जावईबापूंनाही. आम्ही दोघं ठणठणीत. तुझ्या आईचा गुडघा अधूनमधून बोलतो, पण ती त्याच्यापेक्षा जास्त बोलते, म्हणून तो गप्प बसतो.

रविवारी तुझ्या सासरी भेटणारच आहोत, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मला बोलता येत नाही. शेजारी तुझी आई उभी राहते आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवते, तीही आडवी. शिवाय बातम्या इतक्या साठल्यात की लिहूनच काढाव्यात.

पहिली बातमी. मला ते नेसता येतं. म्हणजे येतंच. विहीणबाईंनी विणलेलं कापड ज्या दिवशी पार्सलमधून निघालं, त्या दिवसापासून सराव चाललाय. आधी पलंगपोसावर हात बसवला, मग मूळ कापडाला हात लावला. सात घड्या, डावा खांदा, टोक गुडघ्याखाली बरोब्बर एक वीत. परवा चार मिनिटं लागली, काल पावणेतीन. तू काढून पाठवलेल्या चित्रात पाचवी घडी उलटी आहे. मी जावईबापूंना फोन करून खात्री केली. ते हसायला लागले. म्हणाले, "बाबा, तुमचंच बरोबर. हिला अजून जमत नाही." तेवढं चित्र सुधारून ठेव. उद्या कुणाला दाखवशील आणि नाव माझं जाईल.

आणि काय कापड आहे ते. भिंगाखाली धरून धागे मोजले. इंचाला बेचाळीस, काठाला चव्वेचाळीस. सूत हाताने कातलेलं, कुठे जाड, कुठे बारीक, तरी माप कुठे ढळलेलं नाही. सात महिने एक बाई रोज बसते आणि एकाच ठोक्याने विणते. मी एकतीस वर्षं सुई धरतोय, कुणाचा शिष्य नाही, लोकांचे जुने कोट उसवून उसवून शिकलो. त्यामुळे कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. पण मी कापड टेबलावर पसरलं आणि नुसता बघत उभा राहिलो. तुझी आई म्हणाली, "अहो, ते काय बोलणार आहे का?"

कात्री लावलेली नाही. तू आतल्या चिठ्ठीत मोठ्या अक्षरांत बजावलं होतंस, 'बाबा, त्यांच्याकडे हे कापत नाहीत, शिवत नाहीत, आहे तसं अंगावर घेतात. कात्री लावायची नाही.' तुझा शब्द मी पाळला. कात्री त्या टेबलावरसुद्धा ठेवलेली नाही.

गेल्या गुरुवारी ते नेसून घरून दुकानात चालत आलो. आधी जावईबापूंना विचारलं होतं, रविवारच्या आधी घातलं तर चालेल का. ते म्हणाले, चार वेळा नेसून वावरल्याशिवाय अंगावर बसायचं कसं. निघालो तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला ओरडला, "काय मास्तर, आज चादर गुंडाळून?"

मी त्याच्या टपरीशी गेलो. म्हटलं, "चादर नाही. माझ्या विहीणबाईंनी विणलंय. सात महिने लागले. हात धुऊन ये, मग जवळून बघ." तो खरंच हात धुऊन आला. बराच वेळ काठ निरखत होता. मग म्हणाला, "ह्याला इस्त्री मी नाही करणार. माझा धीर होणार नाही."

त्याच्या त्या 'चादर' शब्दाने मात्र मला जिथे लागायचं तिथे लागलं. त्याबद्दल पुढे लिहितो.

शुक्रवारी समोरचा हॉटेलवाला आला. कापड त्याच्या फार मनात भरलं. "मास्तर, हीच नक्षी छापून घेऊ, वेटरांना एप्रन शिवा. पन्नास." मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. "ज्यांचं आहे त्यांना विचारलंस?" तो म्हणतो, "नक्षीला काय विचारायचं? छान दिसते म्हणून घ्यायची." मी म्हटलं, "छान दिसते म्हणून काय तुझी झाली? ह्यातली कुठली रेघ कशासाठी असते, तुला माहीत तरी आहे का?"

"तुम्हाला आहे?" त्याने विचारलं.

मी त्याला ऑर्डर घेणार नाही म्हणून सांगितलं आणि मशीनवर बसलो. सुईत दोरा नव्हता, तरी पाय मारत राहिलो.

शनिवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस, "बाबा, येताना घरातला एक धागा आणा. तुमचा, रंग कुठलाही चालेल. इकडच्या आईंनी काठाला बोटभर जागा मोकळी सोडलीय ना, त्यात त्या सगळ्यांसमोर तो घालणार आहेत. दुसऱ्या घरचं माणूस आपलं झालं की त्याच्या घरचा धागा त्यात घेतात." मी "हो, हो" म्हटलं आणि गिऱ्हाईक आलंय सांगून फोन ठेवला. गुंडे, दुकानात कुणीही नव्हतं.

ती जागा आता नाही.

पार्सल उघडलं त्याच दिवशी मला ती दिसली होती. कोपऱ्यापासून चार बोटांवर, उभे धागे आहेत आणि आडवे नाहीत. मला वाटलं, विहीणबाईंचा हात चुकला. आणि लिहायला बसलोच आहे तर पुढचंही लिहितो, मला बरं वाटलं. एवढ्या कापडात मला एक चूक सापडली. चारचौघांत त्यांची लाज नको जायला, असा मोठेपणा मनात आणला, काठाच्या आतून त्यांच्याच सुताचा धागा ओढून घेतला आणि रफू केलं. दोन तास बसलो होतो. तू कात्रीला नाही म्हणाली होतीस. सुईचं तू काही लिहिलं नव्हतंस, असं मी तीन दिवस स्वतःला सांगतोय.

शनिवारपासून ते उसवायला बसलो तर सापडेना. मीच केलेलं आणि मलाच दिसेना. भिंग घेतलं, खिडकीशी धरलं, उलटं केलं, पाणी शिंपडून पाहिलं. एकतीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, माझं रफू शोधून दाखवा, शिलाई परत. आता स्वतःच शोधत होतो. चुकीचा धागा ओढला असता तर सगळा काठ गेला असता.

शेवटी काल तुझ्या आईला सांगितलं. तिने डोळे मिटले, काठावरून बोट फिरवत नेलं आणि थांबली. "हे इथे."

"कशावरून?"

"गुळगुळीत आहे. बाकीचं त्यांनी विणलंय. एवढंच तुम्ही केलंय."

मी तिथे लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवलाय, फक्त खूण म्हणून. उसवलेलं नाही. सुई उचलली होती, पण पुन्हा गुपचूप, पुन्हा त्यांना न विचारता, हे मला जमेना.

आता त्या चादरीबद्दल. तुमच्या लग्नाच्या सह्या झाल्या त्या दिवशी, रजिस्ट्रार ऑफिसच्या जिन्यात मी तुझ्या आईला म्हणालो होतो, 'जावई चादर गुंडाळून आलाय.' हळू बोललो असं मला वाटलं होतं. विहीणबाईंना मराठी येत नाही, त्यांनी तुला विचारलं, हे काय म्हणाले. तू त्यांना सांगितलंस, बाबा कापडाकडे शिंप्याच्या नजरेने बघतायत, त्यांना आवडलंय. हे तुझ्या आईने मला परवा सांगितलं. त्या तुझ्या शब्दावर विश्वासून ती बाई सात महिने बसली. गुंडे, मी जे म्हणालोच नाही, त्याचं बक्षीस माझ्या अंगावर आहे.

म्हणून हे पत्र आधी पाठवतोय. तुला शुक्रवारी मिळेल. चिडायला दोन दिवस आहेत, चीड. विहीणबाईंना मात्र काही सांगू नकोस. मी कापड नेसून येईन, सात घड्या, टोक एक वीत. त्यांच्यासमोर बसेन, लाल टाका दाखवेन आणि सुई त्यांच्या हातात देईन. आजवर माझी सुई मी तुझ्या आईलाही दिलेली नाही. त्या उसवतील, नाहीतर कापड काढून द्या म्हणतील. काढून द्या म्हणाल्या तर घडी घालून परत देईन. मला घडी घालता येते.

धागा आणतोय. मी पहिल्यांदा शिवलेला तुझा पिवळा फ्रॉक ट्रंकेच्या तळाशी होता. त्याची उजवी बाही डावीपेक्षा पाऊण इंच लांब आहे. इतकी वर्षं, तुझाच हात आखूड आहे असं मी तुला सांगत आलो. तुझे दोन्ही हात सारखे आहेत. त्या बाहीचा दोरा काढून रिळावर गुंडाळलाय.

एक काम तुझं. मी बोलेन ते विहीणबाईंना त्यांच्या भाषेत जसंच्या तसं सांग. जिन्यातलं, रफूचं, आणि मला बरं वाटलं होतं तेही. ह्या वेळी माझं काही सावरून घेऊ नकोस.

तुझा, एक टाका जास्त घालून बसलेला,
बाबा