तेल ते तेल नसतं

बाबा,

चेनसॉ शेडमध्ये शोधू नका, मी घेऊन गेलेय. शाळेमागे आडवं झालेलं झाड कापायचं काम मी घेतलंय. काल तुम्ही ‘नाही’ म्हणालात, ते मला नीट ऐकू आलं होतं.

तुम्ही करवतीत भरलेलं गाडीचं जुनं ऑइल मी काढून टाकलं. ‘‘तेल ते तेल, त्यात काय बघायचं?’’ असं तुम्ही जन्मभर म्हणत आलात. पण ते साखळीवर टिकत नाही, फिरताना उडून जातं आणि साखळी ज्या पट्टीवरून फिरते ती कोरडी पडून तापते. गेल्या वर्षी साखळी तुटली ती त्यामुळेच. फांदी मी धरली होती, म्हणून तुमची दोन बोटं गेली त्याचं खापर तुम्ही माझ्यावर फोडलंत. वर्षभर मी ऐकून घेतलं. आता नाही घेणार.

दुकानदाराने साखळीच्या तेलाचे दोन डबे पुढे केले, थंडीसाठी पातळ आणि उन्हासाठी घट्ट. मी घट्ट, चिकट घेतलं. करवत चालू करून पुठ्ठ्यासमोर धरली, तर तेलाची बारीक रेघ उमटली. म्हणजे ते टोकापर्यंत पोचतंय.

सुतारकाका सोबत आहेत, तेव्हा आईला उगाच घाबरवू नका. जेवण झाकून ठेवलंय.

यायचं असेल तर या. पहिला घाव कुठे घालायचा, ते तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही. तुम्ही सांगा, मी ऐकेन. पण करवत माझ्या हातात राहील.

धाकटी