पेनफादरसाहेबांची जोडी

ग्लासगो, मंगळवार

प्रिय बाबा,

तुमचं पत्र मिळालं. गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. शनिवारी ग्रीनॉकच्या प्रचारसभेत मी निळ्या पोशाखात व्यासपीठावर बसावं, असं तुम्ही लिहिलंय. त्याबद्दल शेवटी लिहिते.

मागच्या सभेत तुम्ही म्हणालात, "माझ्या वडिलांनी डेमेराराहून साखर आणली. तिच्यात कुणाचा जीव विरघळलाय, ते माझी लेक तपासते." गोदीतल्या हमालांनी बाकं बडवली. मागून एकजण ओरडला, "मग चहात घालू की नको, तेवढं सांगा साहेब!" तुम्ही सगळ्यांत मोठ्याने हसलात. मला तुमचा अभिमान वाटला. असं मी सहसा लिहीत नाही.

डेमेराराच्या आपल्या ऊसमळ्यातल्या पाण्याच्या बारा बाटल्या तुम्हीच बोटीने मागवल्यात. प्रत्येक बाटली मी प्रयोगशाळेत दोनदा तपासली. व्यवस्थापकाच्या बंगल्यातल्या तीन स्वच्छ. मजुरांच्या बराकींजवळच्या नऊही विहिरींत मैला झिरपलेला. मळ्यांवर सरकारी तपासनीस नेमण्याच्या विधेयकावर संसदेत बोलताना हा अहवाल वाचणार, असं तुमचं ठरलं होतं. ते ऐकायला मी लंडनला आले आणि तुम्ही घरीच थांबलात. न्याहारीला म्हणालात, "बिचारा पेनफादर तापाने फणफणलाय, बाळ. त्याला उठून यायला लागू नये म्हणून त्याच्याशी जोडी केली." आत्याने त्यांच्याकडे सूप पाठवलं. मीच डबा बांधला.

जोडीची रीत लहानपणी तुम्हीच मला शिकवलीत. एक सभासद बाजूचा, एक विरुद्ध, दोघांनीही मतदानाला जायचं नाही, म्हणजे पारडं हलत नाही. तरीही तीन आठवडे माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. परवा स्टेशनवर पेनफादरसाहेब भेटले. अजून खोकत होते. म्हणाले, "मिस थॉरबर्न, तुमच्या बाबांसारखा दिलदार विरोधक मिळायला नशीब लागतं. मी विधेयकाच्या बाजूचा, ते विरुद्ध, तरी माझ्यासाठी घरी थांबले." मी त्यांना गाडीची वेळ विचारली. मग वाचनालयात जाऊन त्या दिवसाचं वर्तमानपत्र काढलं. जोड्यांच्या यादीत तुमचं नाव 'विरुद्ध' या रकान्यात आहे. विधेयक सात मतांनी पडलं.

मळ्यावर आपलं घर चालतं, आत्याचंही चालतं, हे मला कळतं. "माझ्याने होत नाही" असं म्हणाला असतात, तर मी भांडले असते आणि तरीही शनिवारी तुमच्या शेजारी बसले असते. तुम्ही एका आजारी माणसाचं पांघरूण ओढून घेतलंत.

पत्राच्या तळाशी तुम्ही लिहिलंय, की अहवाल छापायचाच असेल तर मळ्याचं नाव गाळ, बापासाठी एवढं तर करशील. अहवाल मी कालच वर्तमानपत्राला दिला. गुरुवारी छापून येईल. खाली माझी सही आहे, आडनावासकट. मळ्याचं नाव गाळलेलं नाही. शनिवारी मी येईन, पण व्यासपीठावर नाही. खाली, उमेदवाराला प्रश्न विचारणाऱ्यांत बसेन. तुम्हाला उत्तराची तयारी करायला तीन दिवस मिळावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

तुमचीच,
एल्स्पेथ