स्टॅबिलायझर चांगला होता

चाचा, रविवारी दुपारी मी घरी नवा कंप्युटर जोडला. तयार आणला नाही, एकेक भाग मागवून स्वतः जोडला. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या परंड्यात कंप्युटर म्हणजे क्लासमध्ये जाऊन बघायची चीज होती. आता मी पुण्याच्या कंपनीचं काम इथं मधल्या खोलीत बसून करतो. मी प्रोग्राम लिहितो, आणि तो एकदा तयार करून तपासायला कंपनीच्या लॅपटॉपला चाळीस मिनिटं लागायची. त्याचा पंखा असा भणभणायचा, की आई पलीकडून विचारायची, ‘गिरण लावली का रं?’ म्हणून हे नवं धूड. सोळा कोरचा प्रोसेसर, चौसष्ट जीबी मेमरी, ताटाएवढे तीन पंखे. प्रोसेसर खाचेत बसवताना माझा हात हलला नाही. पण पॉवर सप्लायचा डबा उचलला, आणि माझ्याही नकळत मी तो उलटा करून मागच्या बाजूला अंगठ्यानं लाल बटण चाचपायला लागलो. नव्या डब्यांना ते बटण नसतंच. शंभर व्होल्ट द्या नाहीतर अडीचशे द्या, ते आपलं आपण जुळवून घेतात. मी चटईवर तसाच बसून राहिलो, पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि शरमेनं माझे कान तापले. लाल बटणाचं तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो.

स्टँडवरून किल्ल्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं तुमचं दुकान मला अजून वासानं आठवतं. वार्निश, राळ, तापलेलं तांबं. तुम्ही हातानं चाक फिरवून ट्रान्सफॉर्मरला तारेचे वेढे भरायचात आणि ओठातल्या ओठात मोजायचात. मोजणी चालू असताना कुणी सलाम केला तरी तुम्ही वर बघायचा नाहीत. गावालाही ते ठाऊक होतं. मोठे मोठे लोक बाकावर गप बसून असायचे, आणि थर पूर्ण झाला की तुम्ही एकदम सगळ्यांना मिळून एकच सलाम परत करायचात. तुमची मुलगी तेव्हा दहा-अकराची. दोन थरांच्या मधे घालायचा कागद ती कात्रीनं सरळ कापून द्यायची. मी बारावी होऊन कंप्युटरच्या क्लासमध्ये शिकवण्याच्या नोकरीला लागलो होतो, पण तास नसला की तुमच्याकडंच. तारेच्या जोडाला डाग द्यायला मला तुम्ही शिकवलंत. पहिला डाग गोळा होऊन बसला तेव्हा म्हणालात, ‘बेटा, कथील वर थापायचं नसतंय, आत मुरू द्यायचं असतंय.’

क्लासच्या सरांनी गावातला पहिला रंगीत पडद्याचा कंप्युटर आणला, तेव्हा त्याचा स्टॅबिलायझर तुम्हीच बनवून दिलात. बाजारातला घ्यायला सर तयार होते. तुम्ही म्हणालात, ‘आपल्या लाइनीला आपलाच पायजे.’ खरंच होतं ते. शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की गावात दिवे तांबडे व्हायचे. तुम्ही त्यात अशी सोय केली होती, की व्होल्टेज एकशेसाठच्या खाली गेलं की स्टॅबिलायझर स्वतःच लाइन तोडायचा. टक्क असा आवाज, की पडदा काळा. उन्हाळ्यात दुपारभर टक्क, टक्क. पोरं हसायची आणि मला अपमान वाटायचा, कारण मी तेव्हा अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेलो. पॉवर सप्लायच्या मागं एक लाल बटण होतं. एका बाजूला दोनशेतीस लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला एकशेपंधरा. मी म्हटलं, आपल्याकडं दोनशेतीस येतंय कुठं? येतंय एकशेचाळीस. मग त्याला एकशेपंधरावर ठेवायला काय हरकत आहे? मी पिन तुमच्या स्टॅबिलायझरमधून काढून सरळ भिंतीत खोचली, बटण सरकवलं, आणि कंप्युटर चालू झाला. चालू राहिलासुद्धा! दोन दिवस मी तिथं शिकवत होतो की राज्य करत होतो, कोण जाणे. जे तुम्हाला जमलं नाही ते मला जमलं, असं मी मनात म्हणालोही होतो. हे लिहिताना पेन थांबतंय, पण म्हणालो होतो.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला शिवाराची लाइट गेली, सगळ्या मोटारी एकदम बंद झाल्या, आणि गावातलं व्होल्टेज उसळून दोनशेच्या वर गेलं. बार उडावा तसा आवाज झाला. खोलीत मी एकटाच होतो. धूर अजून निघत होता, आणि मी काय केलं तर पिन भिंतीतून उपसून तुमच्या स्टॅबिलायझरमध्ये खोचली आणि लाल बटण परत दोनशेतीसवर सरकवलं. कुणी शिकवलं नव्हतं, विचार करायला वेळही लागला नाही. सर धावत आले तेव्हा मी म्हणालो, ‘स्टॅबिलायझरनं दगा दिला वाटतं.’

तुम्हाला बोलावणं गेलं. तुम्ही स्टॅबिलायझर खोलून तपासलात, सरांच्या समोर चालवून दाखवलात. सर म्हणाले, ‘आत्ता चालतोय, मग तवा काय झोपला व्हता का?’ तुम्ही पॉवर सप्लाय पुढ्यात ओढलात. आतले दोन्ही मोठे कॅपॅसिटर फाटले होते आणि सगळीकडं काजळी बसली होती. फक्त लाल बटणाच्या खाचेत, एकशेपंधराच्या बाजूला, बटण आधी जिथं होतं तेवढी जागा स्वच्छ होती. मी ती तेव्हाच पाहिली, तुमच्या खांद्यावरून, तुमच्याबरोबर. तुम्ही चष्मा वर केलात, माझ्याकडं बघितलंत. मग सदऱ्याच्या बाहीनं तुम्ही ती काजळी पुसून टाकलीत, सगळी, कोपऱ्यांतली सुद्धा. आणि सरांना म्हणालात, ‘माझ्याच हातनं कायतरी चुकलं आसंल, सर. हे मी घिऊन जातो.’

दुसऱ्या दिवशी मी दुकानात आलो. का आलो माहीत नाही. न येणं जास्त संशयाचं दिसलं असतं म्हणूनही असेल. तुमचे वेढे चालले होते. थर संपवून तुम्ही एवढंच बोललात, ‘व्होल्टेज कमी आलं तर थांबायचं असतंय, बेटा. लाइनीला फसवायचं नसतंय.’ आणि चहा सांगितलात. तुम्ही सरळ विचारलं असतंत तर मी कबूल केलं असतं, असं मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. तुम्ही विचारलं असतंत तर मी खोटी शपथ घेतली असती.

परंडा गाव ते केवढं! आठवड्यात सगळीकडं झालं, चाचाच्या स्टॅबिलायझरनं कंप्युटर जाळला. फोटो स्टुडिओवाल्यानं आपला परत आणून दिला. दवाखान्यातला परत आला. भूमच्या एका शाळेसाठी चार करायचे होते, ते त्यांनी नको म्हणून कळवलं. परत आलेले डबे तुम्ही भिंतीच्या फळीवर ओळीनं मांडून ठेवलेत, पुसून, जसे नवीन. एकातही दोष नव्हता, आणि हे ठाऊक असलेली सबंध गावात दोनच माणसं होती. पुढं तुम्ही मिक्सर, इस्त्र्या, टेबलफॅन एवढंच करू लागलात. बाकावर बसून सलामाची वाट बघणारं कुणी राहिलं नाही. मी कुर्डुवाडीला जाऊन पुण्याची गाडी धरली, शिकलो, नोकरीला लागलो. तुमच्या मातीला मी आलो नाही. रजा मिळाली नाही असं घरी सांगितलं होतं. रजा मी मागितलीच नव्हती.

आता या आठवड्यातलं. एवढं मशीन लावायचं तर इन्व्हर्टर आणि अर्थिंग नीट हवं, म्हणून आईनं परस्पर तुमच्या मुलीला फोन केला. तुमच्याच दुकानात ती आता बॅटरी-इन्व्हर्टर विकते. सोमवारी सकाळी ती मीटर घेऊन आली. ओढणी मागं बांधून खाली बसली, सॉकेट मोजलं, वहीत लिहिलं, आणि पुन्हा मोजलं.

‘अर्थिंग कच्चं हाय, दादा. लई भारी मशीन हाय हे. आधी त्याचा खड्डा नवा करून घ्या, मग चालू करा.’

‘दोनदा का मोजलंत?’ मी आपलं बोलायचं म्हणून विचारलं.

‘सवय हाय. अब्बांच्या स्टॅबिलायझरनं एका क्लासातला कंप्युटर जळला व्हता. तवापासनं दोनदा.’ मीटरच्या वायरी गुंडाळत ती म्हणाली, ‘वेढे मला बी भरता येत्यात. अब्बांनी शिकवलंय सगळं. लोक म्हणत्यात, कंपनीचे टिकत न्हायत, तू बनवून दे. पर धीर न्हाय व्हत. अब्बांसारख्या माणसाचं चुकलं, मग माझं न्हाय चुकणार व्हय?’

चाचा, माझ्या तोंडाशी आलं होतं. तीन शब्दांचं वाक्य होतं. तेवढ्यात तिनं मान वर करून, अगदी सहज, विचारलं, ‘तुमी बी त्याच क्लासात व्हता ना?’

‘नंतर,’ मी म्हणालो. ‘मी तिथं नंतर लागलो.’

ती ‘बरं’ म्हणाली. आईनं चहा दिला, तो ती उभ्यानंच प्याली आणि गेली. वीस वर्षांच्या पोरानं घाबरून बटण सरकवलं, याला निदान पोरपण तरी म्हणता येईल. सोमवारच्या उत्तराला काय म्हणू? माझी नोकरी कोण काढून घेणार होतं, मला कोण मारणार होतं? जनाची नाही तरी मनाची लाज असते म्हणतात. माझ्याकडं दोन्ही आहेत, आणि दोन्ही असून मी खोटं बोललो.

अर्थिंगचा खड्डा तिनं माणसं लावून परवा नवा करून दिला. कंप्युटर उत्तम चालतो. चाळीस मिनिटांचं काम चार मिनिटांत होतं. उरलेल्या वेळात मी हे लिहितोय. मेलेल्या माणसापुढं कबुली द्यायला धीर लागत नाही, हे मला कळतं. म्हणून तर तुम्हाला लिहिलं. पाकिटात घालून वर तुमचं नाव आणि दुकानाचा पत्ता लिहिला, तर हे पत्र उद्या दुपारपर्यंत बिनचूक पोचेल. तुमच्या जागी आता ती बसते. ती ते उघडेल, वाचेल, आणि तिला कळेल. म्हणूनच मी ते पोस्टात टाकणार नाही.