भुताचं नाव

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते, आणि आजही गोड बोलायला बसलेली नाही. काल कोल्हापूरच्या इस्पितळात माझ्या मेंदूचा फोटो पाहिला आणि तुमच्यावरचा राग पुन्हा उफाळून आला. फिट येऊन गेल्यावर मेंदू साखर कशी वापरतो, याचा तिथे अभ्यास चालतो. मला विचारून त्यांनी माझ्या गोळ्या कमी केल्या, वॉर्डात फिट येऊ दिली आणि मग शिरेतून खास साखर सोडून स्कॅन काढला. सगळा मेंदू लाल-पिवळा उजळलेला, डाव्या कानावरचा भाग तेवढा विझल्या चुलीसारखा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फिट ओसरली तरी हा भाग बराच वेळ सुस्त असतो. तुमचं बोलणं इथूनच येतं. तोवर स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नाही."

नाव! मला आपलं अंगण दिसतं. सुक्या मासळीचा वास आहे, मी नुकती शुद्धीवर येतेय, भगत मिरच्यांची धुरी धरून बसलाय आणि तुम्ही माझे केस मुठीत धरून ओरडताय, "कोन हायस तू? नाव सांग!" मला सगळं ऐकू येतंय, शब्द तेवढा फुटत नाही. "नाव सांगीत नाय, म्हंजे भूत हट्टी हाय," भगत म्हणतो, आणि तुम्ही ओल्या सुंभाने मला फोडून काढता. काही वेळाने शब्द आपसूक परत यायचे, मी कळवळून माझं नाव सांगायचे, आणि तुम्ही शेजाऱ्यांना ऐटीत सांगायचात, "ग्येला!" दर वेळी मारच औषध ठरला. माझी शाळा सुटली, आलेली स्थळं परत गेली. डॉक्टरचं तोंड मी पाहिलं ते तुम्हाला पोचवल्यावर. लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला?

निघताना बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं काही व्हायचं?" मी ठणकावून नाही म्हटलं. परतताना एसटीत, घाट उतरून पालीच्या आसपास, एकदम आठवलं. जाळं सांधताना तुमचा हात मध्येच थांबायचा. नजर एकाच जागी, ओठ काही चघळल्यासारखे हलताहेत, हाक मारली तरी ओ नाही. आई तुमच्या हातातली सुई हळूच काढून घ्यायची आणि आम्हाला गप्प करायची, "वायच थांबा. यतील ते." तुमच्यासाठी कुणी भगत बोलावला नाही.

बाईंचा नंबर माझ्याकडे आहे. फोन करून खरं सांगायला हवं, त्यांच्या कामाचं आहे ते. अजून केलेला नाही. एकदा सांगितलं की तुम्हीही माझ्यासारखेच आजारी ठराल, आणि मग तुमचा असा मनसोक्त राग मला करता येणार नाही.