गज आणि राळ

९ जानेवारी, मंगळवार

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी वध सुरू झाला. आज सा आणि रे सापडले. ग पळून गेला.

ह्यांच्या व्हायोलिनला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. वजनमापे खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि तिसऱ्याच दिवशी ती काळी पेटी काखेत मारून घरी आले. किलोत पाच ग्रॅमची खोट नुसतं हातात धरून ओळखणारा हा माणूस, पण स्वर वर गेला की खाली आला ते ह्यांना शेजाऱ्यांच्या खिडक्यांवरून कळतं. मी हा प्रकार नवरसांत बसवायचा प्रयत्न केला. बसत नाही. दहावा काढावा लागेल – कर्णशूल.

शाळेत पोचताच स्टाफरूममध्ये तिघींनी खुर्च्या ओढल्या. "हं बाई, आजचा भाग?" मी सांगितला, ग पळाला तो कसा, हे त्याच्यामागे गज घेऊन कसे धावले. मुख्याध्यापिकाबाईंच्या बशीत चहा सांडला. संस्कृतच्या बाईला सत्तावीस वर्षांत एवढे श्रोते मिळाले नव्हते.

१३ जानेवारी, शनिवार

राळ संपली म्हणून ह्यांच्याबरोबर वाद्यांच्या दुकानात. गजाच्या केसांना राळ घासली नाही तर तार बोलत नाही. (न बोलली तर कुणाचं बिघडतं, हा प्रश्न मी विचारत नाही.)

खाली दुकान, वर क्लास. गल्ल्यापाशी एक जाड वही दोरीनं बांधलेली असते – 'ग्राहकांचे अनुभव'. आलेल्या प्रत्येकाला दुकानदार पेन पुढे करतात. 'सेवा चांगली, पंखा नाही.' 'तबला उत्तम, मुलगा वाजवत नाही.' मागल्या वर्षी मी लिहिलं होतं, 'येथील वाद्यांत दोष नाही. दोष गिऱ्हाइकाबरोबर घरी येतो.' दुकानदार अजून ते पान उघडून दाखवतात. हे शेजारी उभे राहून हसतात.

राळेच्या चार वड्या ह्यांनी एकेक करून हुंगल्या. "ही जुनी आहे. ही चालेल." दूध नासलेलं ह्यांना दारातून कळतं. बहुधा कानाचा वाटाही नाकालाच मिळाला असावा.

राळ घेऊन हे वर क्लासला गेले. निघताना मी डोकावले. बुटक्या स्टुलांवर सहा मुलं आणि सातवे हे, गुडघे पार हनुवटीपर्यंत. शिकवणारी मॅडम असेल अठ्ठावीसची. रागावत नाही, तोच तिचा दोष. शेजारची आठ वर्षांची चिमुरडी मात्र कडक आहे. "काका, कोपर." ह्यांनी लगेच कोपर सरळ केलं.

सोमवारचा भाग मिळाला.

२४ जानेवारी, बुधवार

ग सापडला. स्वयंपाकघरात येऊन सांगून गेले. मी म्हटलं, "कुठे होता इतके दिवस?"

१ फेब्रुवारी, गुरुवार

क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरला. पंचवीस तारीख, रविवार, दुपारी चार, वाचनालयाचा हॉल. व्हायोलिनवाले सातही जण ओळीनं बसून एकत्र वाजवणार.

इथवर ठीक होतं. पण आज मधल्या सुट्टीत हे शाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात बारा पास. थेट स्टाफरूममध्ये. "तुम्ही रोज माझ्या वाजवण्याची चौकशी करता, ही सांगते मला. या ना सगळ्या." बाराच्या बारा पास संपले. ह्यांची पावलं जिना उतरेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. मग जे काय हसणं सुटलं –

मीही हसले. सगळ्यांच्या आधी थांबले, एवढंच.

तिसरी रांग आहे. मी मधोमध.

७ फेब्रुवारी, बुधवार

बुधवारी हल्ली तासभर उशिरा येतात. "जादा तास असतो," म्हणाले.

संध्याकाळी मी वह्या तपासत होते तर हे समोर येऊन बसले. "अगं, ती तुझी विभक्त्यांची चाल म्हण ना."

नोकरीच्या पहिल्या वर्षी मागचा बाक झोपायचा म्हणून मी 'देवः देवौ देवाः'ला एक चाल लावली होती. अजून तीच चालते. बाजारात कडेवर पोर घेतलेल्या बायका मला अडवून ती म्हणून दाखवतात.

"कशाला?"

"सहज."

म्हटली. मग षष्ठीपाशी थांबवून पुन्हा म्हणायला लावली. मग पुन्हा. व्याकरण शिकायचं हे वय नव्हे, म्हटलं. कागदावर काहीतरी खुणा करून उठून गेले.

१० फेब्रुवारी, शनिवार

एकटीच दुकानात गेले. तार हवी म्हणून.

दुकानदारांना सहज विचारावं तसं विचारलं – सात जण एकत्र वाजवताना एखादा कच्चा असेल तर हो काय करतात? ते खुशीत आले. "ताई, जुनी युक्ती आहे. आमचे वडील वाद्यवृंदात होते ना, तिथली. कच्च्या माणसाच्या गजावरची राळ स्पिरिटनं पुसायची अन् वरून कोरडा साबण फिरवायचा. हात हलतो, आवाज शून्य. समोरच्याला वाटतं, काय रंगून वाजवतोय गडी!"

"आणि त्याला स्वतःला कळत नाही?"

"गलक्यात कोण स्वतःला ऐकतंय?" मग माझ्याकडे जरा निरखून बघत, "का हो?"

"सहज." हा शब्द आमच्या घरात फार झालाय हल्ली.

वही पुढे केली. लिहिलं, 'दुकानदार ज्ञानी आहेत.'

१८ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून पूर्वपक्ष-उत्तरपक्ष चालू आहे. पूर्वपक्ष असा: ह्यांची फजिती टळेल. सहा मुलांचा कार्यक्रम बिघडणार नाही. ह्यांना कळणारही नाही, म्हणजे दुःखही नाही. शास्त्रशुद्ध आहे.

उत्तरपक्ष एकच आहे आणि तो फक्त इथे लिहिते. ह्यांची फजिती झाली तर मला चालेल. पण दोन वर्षं ज्यांना मी हसायला शिकवलं त्या बारा जणी ह्या वेळी माझ्या डाव्या-उजव्या हाताला असतील. सांगताना मी हसवणारी असते. तिथे मी त्यांची बायको असेन.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमचा नियम: कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी दोननंतर कुणी वाद्याला हात लावायचा नाही. सगळी व्हायोलिनं ती स्वतः, स्वतःच्या गजानं जुळवणार. मुलांनी पेटी उघडायची ती स्टेजवर बसायच्या वेळी. आयत्या वेळी घासाघीस केली की हात घाबरतात, म्हणते.

हे नियम पाळतात. सरकारी परिपत्रक असल्यासारखे.

२५ फेब्रुवारी, दुपार

ह्यांनी जेवण होताच गजाला राळ लावली, वीस वेळा, नेहमीसारखी मोजून, आणि आंघोळीला गेले. ह्यांची आंघोळ बारा मिनिटं. स्पिरिट, जुना रुमाल. न्हाणीतले साबण ओले, म्हणून कपाटातली माझी गुलाबाची वडी फोडली, निरोप समारंभात दहावीच्या मुलींनी दिलेली. केस चकाकायला लागले. पेटी बंद केली.

बाहेर आले, भांग पाडला. "कसा दिसतोय?"

"वादक."

केवढे खूश झाले.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

आधी लहान मुलांची गाणी झाली. मग व्हायोलिनचे सात जण ओळीनं येऊन बसले, हे कडेच्या खुर्चीवर. तिसऱ्या रांगेत कोपरं एकमेकींना लागायला लागली. मी निवांत होते. एवढी निवांत मी दोन वर्षांत नव्हते.

मॅडम माइकपाशी आली. "एकत्र वाजवण्याआधी आमचे सर्वांत मोठे विद्यार्थी एकटे एक छोटी चाल वाजवतील. हे पत्रिकेत नाही. त्यांनीच लपवायला सांगितलं होतं."

हे उठले. माइक जरा वर केला. "तीन मिनिटं घेतो. ही चाल आमच्या घरातली आहे. जिची आहे, ती रोज सकाळी माझं वाजवणं सोसते. तिसऱ्या रांगेत बसली आहे."

मॅडमनं हार्मोनियमवर सुरुवात केली. संथ, मधे मधे थांबत. दुसऱ्या ओळीला मी ओळखलं. माझी होती. देवः देवौ देवाः. इतकी सुंदर आहे हे मला सत्तावीस वर्षांत कळलं नव्हतं.

ह्यांनी हनुवटी टेकवली. गज उचलला. तो चेहऱ्यासमोर आला आणि क्षणभर तिथेच राहिला. एक मोठा श्वास घेतला. घाबरले, मला वाटलं.

मग गज तारेवर ठेवला.

लांब कुणीतरी अंगण झाडतंय, तेवढा आवाज. बस. माइकवाला धावत आला, वायर हलवून गेला. मॅडमनं हार्मोनियम हळू केली, मग थांबवली. गज चालूच. वर, खाली, वर. ती चिमुरडी न राहवून ओरडली, "काका, राळ!" आणि ते माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

हसणं तिसऱ्या रांगेतून सुरू झालं. चांगलं तयार केलेलं हसणं होतं ते. मी ओळखलं.

मॅडमनं स्वतःचा गज पुढे केला. ह्यांनी मान हलवली. घेतला नाही. तीनच्या तीन मिनिटं आपला तो मुका गज चालवला. कोपर सरळ होतं. नमस्कार केला, आपल्या खुर्चीत जाऊन बसले, आणि पुढचं सहा मुलांबरोबरचंही तसंच वाजवलं.

मुख्याध्यापिकाबाई माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बिचारे." हसून हसून डोळे पुसत होत्या.

२६ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम सकाळीच घरी आली. "काका, गज बघू द्या ना. असं होणारच नाही." हे पेटीवर हात ठेवून बसले होते. "नको. राळ लावायला विसरलो मी."

तीस वर्षांच्या संसारात ह्यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. वीस वेळा लावली होती, मी मोजत होते. पण गडबडीत माणसाला आठवत नाही, तसंच असेल.

स्टाफरूममध्ये आजचा भाग कुणी मागितला नाही. शांतता माझ्यानं सोसवेना. म्हटलं, "राळच भेसळीची निघाली. त्या दुकानाची." तोंडातून किती सहज निघालं. सगळ्यांना पटलंही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं ते लिहायलाही हवं. दुकानात गेले, वही मागितली. 'येथे भेसळयुक्त राळ विकली जाते. तिच्यामुळे एका ज्येष्ठ विद्यार्थ्याची भर सभेत मानहानी झाली.' अन्वय सुद्धा निर्दोष उतरला.

दुकानदारांनी वाचलं. माझ्याकडे बघितलं. "ताई, त्या दिवशी तुम्ही –" एवढं बोलून थांबले. मागे गिऱ्हाईक उभं होतं.

१ मार्च, शुक्रवार

सहाला जाग आली. शांत. पेटी कपाटावर आहे. हवी होती तीच शांतता, तक्रार करायला जागा नाही.

माझी तक्रार वाचून दोन पालकांनी राळ परत केली म्हणे. मुलांना दुसरीकडे घालणार आहेत.

३ मार्च, रविवार

हे सकाळी पेटी घेऊन बाहेर पडले, हात हलवत परत आले. व्हायोलिन त्या चिमुरडीला देऊन टाकलं. "हात मोठा झाला की वाजवेल. मी नवा गज बसवून दिलाय." जुन्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी दुकानावरून जात होते. दुकानदारांनी हाक मारली नाही, पण वही उघडीच ठेवली होती. माझ्या तक्रारीखाली ह्यांचं ते खात्यातलं वळणदार अक्षर.

'वरील तक्रारीची तपासणी केली. राळ शुद्ध, वजन बरोबर. दोष गजात होता व तो घरी उत्पन्न झाला. दुकानाचा संबंध नाही.' सही. तारीख.

तीनदा वाचलं. घरी उत्पन्न झाला – म्हणजे घरी राळ लावायला विसरलो. दुसरा अर्थ निघत नाही.

काढला नाही तर निघत नाही.

५ मार्च, मंगळवार

आठवड्याचं सामान हे घेऊन आले. नेहमीप्रमाणे एकेक काढून ओट्यावर मांडलं. मीठ, साखर, काड्यापेटी, चहा. शेवटी साबणाची एक वडी. पांढरी, साध्या कागदातली. नाकाशी नेली, हुंगली, आणि माझ्यासमोर ठेवली.

"हा ठेव तुझ्या कपाटात," म्हणाले. "याला वास नाही."