बारावा सोमवार

४ ऑगस्ट, सोमवार
आले बाई एकदाची गोंदियाला! वाशीमहून निघताना आई रडत होती आणि मी मनातल्या मनात नाचत होते. जीवरसायनशास्त्राची फेलोशिप एकच होती, मागणारे सत्तर, आणि मिळाली मला. इथल्या कुडवा भागात सुलोचनाबाईंकडे खोली घेतली. त्यांच्याकडे सकाळी भात आणि रात्रीही भात. "आचल, इतनी दुबली है, टिकेगी कैसे?" असं त्यांनी पहिल्याच ताटावर विचारून टाकलं. माझी लाल स्कुटी रेल्वेनं सुखरूप पोचली, आरशालाही ओरखडा नाही.

धर्मेंद्र सर माझे मार्गदर्शक. त्यांनी अट स्वच्छ सांगितली. बारा सोमवार, बारा नोंदी, एकही कमी नाही. मग पीएच.डी.ची नोंदणी आणि पाच वर्षांची फेलोशिप पक्की. नाहीतर वाशीमला परत जाऊन काकांच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बरण्या पुसायच्या. नको रे बाबा.

११ ऑगस्ट, सोमवार
काम सिकलसेलचं. या आजारात रक्तातल्या गोल लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. पेशंट खुशी, आठ वर्षांची, जंगलपट्टीतल्या गावाची. आई फुलवंता तिला कडेवर घेऊन आली. गेल्या वर्षी पोर चांगली बरी झाली होती म्हणे, मग एकाएकी पुन्हा बिघडली. हिमोग्लोबिन ६.८.

आजारी रक्ताशी ताडून पाहायला निरोगी रक्त लागतं, त्याला कंट्रोल म्हणतात. बाहेरच्या निरोगी माणसांचं रक्त घ्यायची परवानगी समितीत अडकली आहे. तोवर आपलंच द्यायचं, सगळेच देतात, असं सर म्हणाले. ते खरंच आहे, एम.एस्सी.ला आम्हीही द्यायचो. तंत्रज्ञ रीताताईंनी दंडातून पाच मिली काढलं. माझं १३.२! दिवसभर उगाच रुबाबात फिरले.

१ सप्टेंबर, सोमवार
खुशी ८.३. औषध तेच, खाणं तेच, तरी सुधारते आहे. आज मला तिनं चारोळ्यांची पुडी दिली आणि माझ्या स्कुटीवर बसून भोंगा वाजवला. माझं ११.४. नुसता भात खाऊन दुसरं काय होणार!

२२ सप्टेंबर, सोमवार
खुशी १०.९. मी ८.७. नळ्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून कवडूभाऊंवर ओरडले. ते इथे नळ्या धुतात. "मी काऊन बदलवीन मॅडम? अठरा वर्सं झाले, नळ्याच धुऊन राहिलो," म्हणाले. मग हातातली नळी पालथी ठेवत सांगितलं की प्रिया मॅडमही सातव्या सोमवारीच अशा ओरडल्या होत्या.

प्रिया माझ्याआधी या फेलोशिपवर होती. ती परदेशी गेली असं सर सांगतात. कवडूभाऊ माझ्या बाबांच्या वयाचे आहेत, मला फार लाज वाटली.

६ ऑक्टोबर, सोमवार
आज दोन्ही नळ्यांवर मीच नावं घातली. एक क्षणही हातातून सोडल्या नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली खुशीच्या पेशी गोल. माझ्या विळ्यासारख्या.

चार वेळा पाहिलं. हा आजार जन्मानं येतो, कुणाचा कुणाला लागत नाही. बी.एस्सी.च्या पोरालाही हे ठाऊक असतं. सरांना दाखवलं तर आकडे छान येताहेत, लिहीत राहा म्हणाले. मला भीती वाटते आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार
दहावी नोंद. मी ५.१. जिन्यावर दोनदा बसावं लागलं.

मागच्या शेडमध्ये प्रियाची स्कुटी आहे. हेल्मेट आरशाला लटकलेलं, चाकांतून वेल वर आलेला. परदेशी जाणारा माणूस गाडी विकून जातो. कपाटात तिची नोंदवही सापडली. कंट्रोलचे आकडे दर सोमवारी उतरत गेलेले. बाराव्या सोमवारपुढे आकडा नाही. पुढची सगळी पानं कोरी.

२२ ऑक्टोबर, पाडवा
दिवाळीमुळे हा सोमवार सुईविना गेला. आज जिना एका दमात चढले. सुलोचनाबाईंच्या तीन करंज्या खाल्ल्या. सामान बांधते आहे. बरण्या तर बरण्या, पुसेन.

२७ ऑक्टोबर, सोमवार
किल्ली परत देऊन निघालेच होते — प्रयोगशाळेच्या फाटकात फुलवंता. खुशी खांद्यावर, हातपाय सुजलेले. असं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. रीताताई सुई घेऊन उभ्या होत्या. दिलं मी.

नळी भरत गेली तशी पोर शांत झाली. उठून बसली. फुलवंतानं नळीकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तिला कळलं. "नोको देऊस बाई आता. माही पोर मी पाहीन. त्या पयल्या पोरीलेबी म्या सांगतला होता." खुशीला उचलून गेली. पुन्हा आणणार नाही म्हणाली.

३१ ऑक्टोबर
सुटले. कुणी अडवलेलं नाही. उद्या गाडी आहे — पण अकरा झाल्या. अकरा. सत्तर जणांतून आले मी. पेशंट नसली तरी चालेल, नुसतं कंट्रोल पुरे, असं सर म्हणतात. एकच राहिलंय. पाच मिली. आईला काय सांगू —

३ नोव्हेंबर, सोमवार
पत्र टेबलावर आहे. पाच वर्षं मंजूर, नाव माझंच. सरांची सही तेवढी राहिली, बारावी नोंद झाली की —

दंड पुढे केला. मीच केला.

नळीत लाल काही नाही. पाण्यासारखं — रीताताई नळी उजेडात धरून पाहताहेत, माझ्याकडे बघत नाहीत. हाक मारली. सरांनाही. कुणी वळत नाही. पेन जड झालंय —

खिडकीतून दिसतं. कवडूभाऊ डोळे पुसत लाल स्कुटी शेडकडे ढकलताहेत. हेल्मेट आरशाला — माझी आहे ती — कवडूभाऊ, थांबा, मी अजून इथेच —